रकाना आणि समास

गेल्या वर्षीं एका जुन्या घराण्याच्या जमाखर्चावर आम्हीं एक लहानसा लेख लिहिला. त्यांत रुपये, आणे आणि पै अशा तीन रकान्यांचें एक कोष्टक होतें. तें आम्हीं घरच्या संगणकावर स्वतःच तयार केलें. म्हणजे काय केलें, तर कोऱ्या जागेची कळ पुन्हां पुन्हां दाबून आंकड्याखालीं आंकडा येईल असें पाहिलें. पडद्यावर रकाने भिंतीसारखे सरळ दिसत होते, आणि आपण कांहीं कौशल्याचें काम केलें असें आम्हांस क्षणभर वाटलेंही. छापतांना अक्षरांचें वळण बदललें, आणि लेख हातीं आला तेव्हां आणे रुपयांच्या अंगावर रेलले होते व पै आण्यांच्या जागीं जाऊन बसल्या होत्या. एका जाणत्या वाचकानें विचारलें कीं, ज्या घरांत एका सणाच्या तेलातुपास ११२ रुपये लागत त्या घरास कर्ज झालें यांत नवल कोणतें? मूळ रक्कम एक रुपया बारा आणे एवढीच होती.

दोष छापणाराचा नव्हता. आम्हीं रकाना असा केलाच नव्हता. कोऱ्या जागा मोजून रकान्याचा आभास तेवढा उत्पन्न केला होता, आणि ज्या वळणाच्या अक्षरांत तो टिकत होता तें वळण जातांच आभासही गेला. आपल्या अंकपद्धतींत आंकड्याची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते. एकं, दहं, शतं हीं स्थानें आपण सर्वजण पाटीवर उभ्या रेघा ओढून शिकलों. आंकडा स्थानावरून हालला कीं तो दुसराच आंकडा होतो. मजकुराची कड वांकडी गेली तर डोळ्यांस खुपतें; कोष्टक वांकडें गेलें तर तें खोटें बोलूं लागतें. आपल्या पंचांगाचेंच पाहा: तिथि, नक्षत्र, योग यांपुढील घटी-पळें एक रकाना सरकलीं तर मुहूर्त हुकावयाचा! तेव्हां ओळीची उजवी कड सरळ कोण राखतो आणि आंकड्याखालीं आंकडा कोण बसवितो, याचा आम्हीं जरा मागोवा घेतला. त्यांत विशेषेंकरून संगणकावरील ज्या आज्ञावली मजकुरांत घातलेल्या खुणा वाचून त्याची मांडणी करितात, त्यांची हकीकत आम्हांस फार मनोरंजक वाटली. ती वाचकांस सादर करीत आहों. पण तिचा आरंभ संगणकाच्या पुष्कळच आधींचा आहे.

आमच्या पोथ्या लिहिणारांस हा प्रश्न फारसा पडत नसे. पानाच्या दोन बाजूंस उभ्या रेघा ओढून समास राखावा आणि त्या रेघांमध्यें अक्षरें एकास एक लागून लिहीत जावें, ही त्यांची रीति. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल नव्हती. त्यामुळें रेघ आली कीं थांबावें, मग शब्द पुरा झालेला असो वा नसो, व उरलेलीं अक्षरें पुढच्या ओळींत घ्यावीं. अक्षर मावण्याजोगी जागा उरली नाहीं तर तेथें एखाददुसरी रेघोटी ओढून ती भरीत. मोडी लिहिणारा कारकून तर आधीं आडवी रेघ ओढी व मग तिला अक्षरें लटकावीत जाई. त्याच्याही लिहिण्यांत शब्द सुटे नसत. उजव्या समासाचें दुखणें शब्दांमध्यें जागा आल्यावर जन्मास आलें असें म्हटल्यास चालेल, कारण ओळ कोठेंही तोडण्याची सोय तेव्हां गेली, आणि दर ओळीच्या शेवटीं थोडी कमी-अधिक जागा उरूं लागली. ती वांटून कोणास द्यावयाची?

युरोपांत शब्द सुटे लिहिण्याची चाल मुद्रणाच्या कित्येक शतकें आधीं रूढ झालेली होती. गुटेनबर्गनें १४५५ च्या सुमारास छापलेलें बायबल पानास दोन रकाने आणि बहुतेक पानांवर रकान्यास ४२ ओळी अशा मांडणीचें आहे, आणि त्या रकान्यांच्या कडा पाहून आजचा छापणाराही मान डोलावतो. त्यासाठीं त्यानें एकाच अक्षराचे कमी-अधिक रुंदीचे खिळे पाडले, जोडलेलीं अक्षरें व लेखकांचे जुने संक्षेप वापरले, आणि शब्द तोडल्याची खूण समासाच्या बाहेर काढून ठेवली. पुढच्या छापणारांस एवढा खर्च परवडला नाहीं. त्यांनीं शब्दांमधील जागाच कमी-अधिक करण्याची सोपी वाट धरली. जुळारी हातांतल्या स्टिकमध्यें ओळ भरीत जाई. पुढचा शब्द बसत नाहीं असें दिसलें म्हणजे मागें येऊन कोऱ्या खिळ्यांच्या जागीं जाड किंवा पातळ खिळे घाली व ओळ घट्ट करी. म्हणजे पहिल्या शब्दापुढची जागा किती, हें शेवटचा शब्द बसल्यावर ठरत असे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें सांगावयाचें आहे तें सारें हिच्यावर उभें आहे.

हीच गोष्ट यंत्रास शिकविण्याचा जो पराक्रम मोनोटाइपनें केला, त्याचें वर्णन केल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. टॉलबर्ट लॅन्स्टन या अमेरिकन गृहस्थानें १८८७ सालीं याचे पहिले पेटंट मिळविले. नंतर इतरांच्या हातून सुधारणा होत होत तें यंत्र जगभर गेलें. वस्तुतः तीं दोन यंत्रें होतीं. एकावर बसून कळा दाबावयाच्या म्हणजे कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रें पडत. दुसरें ती पट्टी वाचून तापलेल्या शिशाचीं अक्षरें एकेक ओतीत जाई. प्रत्येक अक्षराची रुंदी एका ठराविक मापाच्या अठराव्या भागांत मोजलेली असे, आणि कळ दाबतांना यंत्र ती बेरीज ठेवीत जाई. ओळ संपत आली कीं घंटा वाजे. कळा दाबणारा शब्द पुरा करून थांबे. समोर आंकड्यांनीं भरलेलें एक नळकांडें फिरत असे, त्यावर कांटा जे दोन आंकडे दाखवी त्यांच्या कळा त्यानें दाबावयाच्या. ‘या ओळींतली प्रत्येक जागा एवढ्या रुंदीची करावी’ ही सूचना अशी ओळीच्या शेवटीं पट्टीवर उमटे. पण ओतणाऱ्या यंत्रास ती आरंभींच कळावयास हवी, एरवीं पहिली जागा तें कसें ओतणार? यावर योजलेली युक्ति इतकी साधी आहे कीं ती आपणांस सुचली नसती याची खात्री वाटते: पट्टी ओतणाऱ्या यंत्रांत उलटी, शेवटाकडून आरंभाकडे, सोडावयाची! जी सूचना सर्वांत मागून लिहिली ती सर्वांत आधीं वाचली जाई, आणि मग ओळ शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे ओतली जाई.

टंकलेखनयंत्रानें हें सारें ज्ञान कचेऱ्यांतून घालविलें. त्या यंत्रावर चिंचोळ्या अक्षरास जेवढी जागा तेवढीच पसरट अक्षरास. आणि कागदावर एकदां उमटलेली ओळ मागें जाऊन सैल करण्याची सोय नाहीं. सबब उजवी कड करवतीसारखी सोडून देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. तथापि जागा सारख्या असल्यामुळें कोष्टक मात्र सोपें झालें: अक्षरें मोजलीं कीं रकाना झाला. मोजण्याचेही कष्ट नकोत म्हणून गाडी ठराविक ठिकाणीं नेऊन थांबविणारी कळ निघाली, आणि कोष्टकाच्या इंग्रजी नांवावरून तिला टॅब्युलेटर म्हणूं लागले. आज ज्या कळेवर नुसतें ‘टॅब’ असें लिहिलेलें असतें ती हीच. संगणक जन्मास आला तो टंकलेखनयंत्राच्या कळा घेऊन. त्याबरोबर मोजून रकाना करण्याची संवयही त्यानें उचलली, आणि तीच आम्हांस नडली.

मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९६४ सालीं जेरोम सॉल्टझर नांवाच्या संशोधक विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधाचा आराखडा नीट छापून निघावा म्हणून एक आज्ञावली लिहिली. तिचें नांव ‘रनऑफ’. मजकूर वेडावांकडा कसाही लिहावा. मधून मधून स्वतंत्र ओळीवर आरंभीं पूर्णविरामाचें टिंब देऊन सूचना लिहावी: येथें ओळ मध्यावर घ्या, येथें जागा सोडा, येथून उजवी कड सरळ करा. टिंबच कां, तर कोणतेंही शहाणें लिखाण टिंबानें ओळ आरंभीत नाहीं, म्हणून मजकूर व सूचना यांची गल्लत होण्याचें भय नाहीं. ओळ पुरी भरली कीं आज्ञावली शब्दांमध्यें जास्तीच्या कोऱ्या जागा घालून ती समासास भिडवी. अक्षरें टंकलेखनयंत्राचींच, म्हणून जागा अर्धी-पाव करतां येत नसे. कोठें एक तर कोठें दोन अशी ती वांटावी लागे. तें छापील पान आज पाहिलें तर शब्द दांत पडल्यासारखे दिसतात. पण एक मोठी गोष्ट घडली होती. लेखकानें काय हवें तें सांगावें आणि मोजण्याचें काम दुसऱ्यानें करावें, ही जी वांटणी लेखक व जुळारी यांमध्यें पूर्वीं होती आणि टंकलेखनयंत्रानें मोडली होती, ती पुन्हां जुळून आली.

या घराण्यांतली दुसरी पिढी न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत वाढली. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं तेथें युनिक्स ही व्यवस्था आरंभिली खरी, पण तिच्यासाठीं चांगलें यंत्र विकत घेण्यास वरिष्ठ राजी होईनात. अखेर मजकूर-मांडणीचें साधन करून देतों असें सांगून त्यांनीं यंत्र मिळविलें. आणि १९७१ च्या उत्तरार्धांत प्रयोगशाळेच्या पेटंट-विभागांतल्या तिघी टंकलेखिका दिवसभर त्यावर अर्ज लिहूं-छापूं लागल्या. पेटंटच्या अर्जांत ओळींस क्रमांक घालावे लागत, आणि ते समासांत जागच्या जागीं यावे लागत. ही सोय त्या आज्ञावलींत करून दिली होती. त्या यंत्राची एकंदर स्मृति २४ किलोबाइट, म्हणजे आज खिशांतल्या दूरध्वनीवर काढलेल्या एका चित्रासही ती पुरणार नाहीं. ज्या युनिक्सचे वंशज आज जगांतल्या बहुतेक मोठ्या संगणकांवर राज्य करितात, तिला पहिला आश्रय समासांतल्या आंकड्यांनीं दिला, हें आम्हांस विशेष वाटतें.

पुढें १९७३ च्या सुमारास जो ओसॅना यांनीं ‘ट्रॉफ’ लिहिली. ती प्रकाशाच्या साहाय्यानें अक्षरें उमटविणाऱ्या यंत्रासाठीं होती, आणि तेथें अक्षरांच्या रुंदी पुन्हां निरनिराळ्या होत्या. त्याबरोबर मोजण्याचा जुना हिशेब कोलमडला. रकाना सातव्या अक्षरावर आरंभावा असें म्हणण्यांत अर्थ उरला नाहीं, कारण सातवें अक्षर कोठें पडेल हें पहिल्या सहांवर अवलंबून. ट्रॉफमध्यें टॅबचीं ठाणीं इंचांत सांगतां येत, आणि ठाण्याशीं मजकूर डावीकडून, उजवीकडून कीं मध्यावर जुळवावा हेंही सांगतां येई. पण तें ठाणें कोठें ठेवावें हें लेखकानेंच अंदाजानें ठरवावें लागे. रकान्यांतला सर्वांत लांब शब्द केवढा हें लेखकास काय ठाऊक?

याचें उत्तर माइक लेस्क यांनीं १९७६ सालीं ‘टीबीएल’ या छोट्या आज्ञावलीनें दिलें. तिच्यांत कोष्टकाच्या डोक्यावर दर रकान्यास एकेक अक्षर लिहावयाचें: ‘एल’ म्हणजे डावीकडून, ‘आर’ म्हणजे उजवीकडून, ‘सी’ म्हणजे मध्यावर आणि ‘एन’ म्हणजे संख्या. मग खालीं मजकूर, एका घरापासून दुसरें घर टॅबनें तोडून. टीबीएल स्वतः कांहींच छापीत नसे. ती कोष्टक शेवटपर्यंत वाचून ट्रॉफसाठीं सूचना लिहून देई: या घरांतल्या मजकुराची रुंदी मोज, त्या घरांतल्याची मोज, सर्वांत मोठी ती लक्षांत ठेव, आणि तेवढ्यावर ठाणें ठोक. इतकें झाल्यावर मग पहिली ओळ उमटे. मोनोटाइपची उलटी पट्टी ती हीच, फक्त ओळीऐवजीं अख्ख्या कोष्टकास लावलेली. ‘एन’ या अक्षरांत तर आमच्या शाळेंतल्या पाटीचें सार आहे. तो रकाना डावीकडूनही जुळत नाहीं आणि उजवीकडूनही नाहीं. एकं स्थानाखालीं एकं स्थान येईल असा जुळतो, मग अपूर्णांकाचे आंकडे दशांशचिन्हापुढें कितीही लांब जावोत. चिन्ह नसलेल्या ठिकाणीं जुळवावयाचें असेल तर ‘येथें जुळव’ एवढेंच सांगणारी, स्वतः न दिसणारी एक खूणही ठेवली होती. ओसॅना १९७७ सालीं वारले. त्यांची ट्रॉफ ब्रायन कर्निहॅन यांनीं नव्या यंत्रांस चालेल अशी पुन्हां लिहिली, आणि टीबीएल तिच्यासह आजही वापरांत आहे.

त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथें दुसरी घटना घडली. डोनाल्ड कनूथ हे गणितज्ञ ‘दि आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ हा आपला बहुखंडी ग्रंथ लिहीत होते. त्याचे आरंभींचे खंड मोनोटाइपवर छापलेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें ३० मार्च १९७७ रोजीं त्यांच्या हातीं आलीं, तीं नव्या प्रकाश-पद्धतीचीं. आणि तीं पाहून त्यांचें मन इतकें विटलें कीं त्यांनीं ग्रंथ बाजूस ठेवून मुद्रणाचीच आज्ञावली लिहावयास घेतली. वर्षभरांत उरकेल अशी त्यांची अटकळ होती. ‘टेक’ या नांवाची ती आज्ञावली आतां पुरी झाली, यापुढें तींत चुकांच्या दुरुस्तीपलीकडे कांहीं होणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें तें १९९० सालीं! ग्रंथाचे वाचक इतकीं वर्षें ताटकळले. त्यांचें नुकसान झालें कीं जगाचा फायदा झाला, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण सुबक पानासाठीं तेरा वर्षें वेंचणारा ग्रंथकार दुसरा कोणी आमच्या ऐकण्यांत नाहीं.

टेकमध्यें अक्षर ही एक पेटी, शब्द ही पेट्यांची पेटी, आणि शब्दांमधील जागा हा ‘गोंद’. मात्र हा गोंद ताणतां येतो, दाबतां येतो; त्यास स्प्रिंग म्हणणें अधिक योग्य झालें असतें हें कनूथ यांनींही कबूल केलें आहे, पण तोंपर्यंत नांव चिकटून बसलें होतें. जुळारी एकेक ओळ पाहतो. कनूथ व मायकेल प्लास यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेली रीति सारा परिच्छेद एकदम पाहते. ओळीस किती ताण पडला याचा घन करून तिला दोषांक द्यावयाचा, म्हणजे थोडा ताण क्षम्य आणि मोठा ताण असह्य ठरतो. आणि परिच्छेदाच्या सर्व ओळींचा हिशेब मिळून कमींत कमी दोष येईल अशा ठिकाणीं ओळी तोडावयाच्या. यामुळें कधीं कधीं असें होतें कीं लेखकानें परिच्छेदाचा शेवटचा शब्द बदलला आणि पहिली ओळ दुसऱ्याच ठिकाणीं तुटली. मोनोटाइप ओळीचा शेवट पाहून तिचा आरंभ ठरवी. टेक परिच्छेदाचा शेवट पाहून पहिली ओळ ठरविते.

कोष्टकासही तोच न्याय. टेक सगळें कोष्टक वाचून घेते, प्रत्येक रकान्यांतलें रुंदांत रुंद घर शोधते व मग मांडणी करिते. त्याची मूळ भाषा मात्र सामान्य माणसास घाम फोडणारी आहे; आम्हीं ती शिकण्याचा एक पावसाळा यत्न केला आणि सोडून दिला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर ‘लाटेक’ हा सुबोध थर चढविला. त्यांचें पुस्तक १९८६ सालीं निघालें. त्यांत पुन्हां तींच तीन अक्षरें, डावें, मध्य आणि उजवें, आणि घरें तोडण्यास ‘आणि’ या अर्थाचें इंग्रजी चिन्ह. पण लेस्क यांचें चौथें अक्षर, संख्येचें, त्यांत नव्हतें. दशांशचिन्हें एकाखालीं एक आणावयाचीं तर संख्येचेच दोन तुकडे करावे लागत: पूर्णांक उजवीकडून जुळणाऱ्या रकान्यांत, अपूर्णांक डावीकडून जुळणाऱ्या रकान्यांत, आणि मधली भिंत म्हणून टिंब. युक्ति चालते, पण एका संख्येस दोन घरांत राहावयास लावणें आम्हांस पटत नाहीं. पुढें इतरांनीं जोड-आज्ञावली लिहून ही उणीव भरून काढली.

या सर्व प्रकारांवर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. लेखकास आपलें पान लिहितांना दिसत नाहीं. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रांत १९७४ सालीं बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी प्रभृतींनीं ‘ब्राव्हो’ ही आज्ञावली केली. तींत जें पडद्यावर दिसे तेंच कागदावर उमटे. कचेऱ्यांनीं पुढें हीच वाट धरली, आणि आमचेंही बहुतेक लिखाण याच वाटेनें होतें. परंतु जें अक्षर लिहितांक्षणीं आपल्या जागीं बसलेंच पाहिजे, तें पुढें काय येणार याची वाट कशी पाहील? त्यांतून, डोळ्यांस सरळ दिसतें आहे एवढ्यावर माणूस समाधान मानतो आणि कळ दाबीत बसतो. या आज्ञावलींतही खरे रकाने करतां येतात. पण न करतां भागतें असें वाटतें, हीच त्यांतली मोहिनी. खुणांच्या भाषेंत ही लबाडी करावयास गेलें तरी साधत नाहीं: टेकला एक कोरी जागा दिली काय आणि वीस दिल्या काय, ती एकच समजते.

महाजालावर तर या विद्येची पिछेहाटच झाली. तेथील खुणांच्या भाषेची चौथी आवृत्ति १९९७ च्या डिसेंबरांत निघाली. तींत अमुक चिन्हावर रकाना जुळवावा असें सांगण्याची सोय ठेवली होती, परंतु पानें दाखविणाऱ्या बहुतेक आज्ञावलींनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, आणि पांचव्या आवृत्तींतून ती काढून टाकण्यांत आली.

आतां आपल्या लिपीकडे. अक्षरें मोजून रकाना करण्याचा घोंटाळा देवनागरींत जेवढा उघडा पडतो तेवढा रोमन लिपींत पडत नाहीं. ‘क्षत्रिय’ या शब्दांत आपण तीन अक्षरें मोजतों. संगणकाच्या युनिकोड नांवाच्या वर्णकोशांत तीं आठ होतात, कारण हलंताचीं चिन्हें, वेलांटी आणि जोडाक्षरांतले घटक सारे सुटे मोजले जातात. कागदावर त्या शब्दाची रुंदी तीनही नाहीं आणि आठही नाहीं. वळणाप्रमाणें जी येईल ती. म्हणून देवनागरींत मोजणें व्यर्थ, मापणें हाच मार्ग. पण मापावयाचें तर जोडाक्षर आधीं बनलें पाहिजे, आणि टेकला आपलीं जोडाक्षरें ठाऊक नव्हतीं. हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स वेल्टहाउस यांनीं १९९१ सालीं टेकसाठीं देवनागरीचें वळण आणि त्याबरोबर एक पूर्व-आज्ञावली केली. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर ती वाची, जोडाक्षरें बांधी आणि मग टेकच्या स्वाधीन करी. संस्कृताच्या कित्येक अभ्यासकांचीं पुस्तकें या वाटेनें छापलीं गेलीं. जोनाथन क्यू यांची ‘झीटेक’ २००४ सालीं आली तेव्हां मजकूर थेट देवनागरींत लिहितां येऊं लागला; बांधून झालेल्या शब्दाची रुंदी ती अक्षरवळणासच विचारून घेते.

उजव्या समासाचें मात्र आपलें दुखणें निराळें आहे. मराठी शब्द आपल्या पाठीवर प्रत्यय व शब्दयोगी अव्ययें घेऊन चालतो. इंग्रजींत चार सुटे शब्द असतील तेथें आपला एकच लांबलचक शब्द उभा राहतो. त्यामुळें ओळींत जागा थोड्या, आणि ताण पडला कीं सगळा त्या थोड्या जागांवर. अरुंद रकान्याचें कोणतेंही मराठी वर्तमानपत्र हातांत घ्यावें: चार शब्दांच्या ओळींत तीन विहिरी. शब्द कोठें तोडावा याचे नियम आज्ञावलीस दिले तर हा ताण पुष्कळ हलका होतो. इंग्रजीसाठीं असे नियम शोधण्याची रीति फ्रँक लिआंग यांनीं कनूथ यांच्या हाताखालीं १९८३ सालीं प्रबंधरूपानें सिद्ध केली, आणि मराठीसाठीं असे नियम आतां टेकच्या साहित्यांत मिळतात. पोथी लिहिणारा रेघ येतांच कोणत्याही अक्षरावर थांबे. त्याची ती मोकळीक थोड्या शिस्तीनें आपण परत घ्यावी, असें आमचें मत आहे. शब्द तुटला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं त्या विहिरींकडेही एकदां पाहावें.

जमाखर्चाचें तें कोष्टक आम्हीं पुन्हां केलें आहे. तीन रकाने, तिन्ही उजवीकडून जुळणारे. घराघरांमध्यें एक चिन्ह, कोरी जागा एकही मोजलेली नाहीं. खुणांनीं भरलेला तो मजकूर आमच्या पडद्यावर अगदीं ओबडधोबड दिसतो आणि त्यांत आणे कोठेंच आण्यांखालीं नाहींत. लेख पुस्तकांत जावयाचा आहे. तेथें अक्षरांचें वळण कोणतें असेल हें आम्हीं या वेळीं विचारलेलें नाहीं.